जप्तीची रिक्षा

माझी नात वाटी-चमच्याला तोंड लावीना, तिथून हे सगळं सुरू झालं. बाटली जवळ नेली की ती जिभेनं निपल बाहेर ढकलायची आणि पाठ ताणून असं रडायची की शेजारची बाई भिंतीपलीकडून विचारायची, "काय झालं ओ?" गाईचं दूध पातळ करून पाहिलं, डब्यातलं पाहिलं, बोटाला लावून चाटवलं. तिला आईचंच पाहिजे होतं. आणि तिची आई पोलीस.

माझी लेक आमच्याच जिल्ह्यात एका ठाण्यात शिपाई आहे. ठाण्याचं नाव लिहीत नाही, हे कुणाच्या हाती लागलं तर तिला ताप नको. जावई केंद्राच्या दलात आहेत, तिकडं लांब डोंगरात. त्यांची रजा मंजूर होते आणि रद्द होते, मंजूर होते आणि रद्द होते. लेकीच्या सासूबाईंना लकवा झालेला, त्यांचंच त्यांना होत नाही. म्हणून बेंबळीचं घर आमच्या मालकांवर सोडून मी लेकीच्या भाड्याच्या खोलीत येऊन राहिले. मालक म्हणाले, "जा तू, मी पिठलं टाकून खाईन. पण शेळ्या कोण बघंल?" शेळ्या विकल्या.

पाय सुजले म्हणून लेकीला बाळंतपणाच्या लई आधीच रजेवर जावं लागलं होतं, त्यात रजेचे बरेच दिवस गेले. बाळ नुकतं पालथं पडायला लागलं होतं तेव्हा तिला हजर व्हायचा दिवस आला. जाताना तिनं दाराच्या कडीला हात लावून ठेवला आणि म्हणाली, "आई, हिला घेऊन दुपारी ठाण्यात ये."

ठाण्यात. मला लोकांत जायची सवय नाही. चौथीत होते तेव्हा भूकंप झाला. सास्तूरची आमची शाळा पडली. पत्र्याच्या शेडात ती परत भरायला लागली तोवर मला लहान भावंडांमागं लावलं होतं. तेव्हापासून मी घरात आणि रानात. एसटीत कंडक्टरला गावाचं नाव सांगायचं तरी मी शेजारच्या बाईला पुढं करते. आता रोज दुपारी लेकरू पदराखाली घेऊन पोलीस ठाण्याच्या फाटकातून आत जायचं होतं. फाटकावरची माणसं बघायची. कुणाला वाटायचं, बाईच्या पोरीला कुणी दगा दिला असंल, तक्रार द्यायला आलीय.

लेक भरती झाली तेव्हा गावानं तिचा फ्लेक्स लावला होता. मधे तिचा फोटो, खाली गल्लीतल्या पोरांचे फोटो, जे कधी तिच्यासोबत धावले नव्हते. हलगी लावून मिरवणूक काढली. मी दारात ओवाळायला उभी राहिले. एक पाहुणी म्हणाली, "आता काय बाई, पोरगी सरकारची झाली." मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

त्या ठाण्यात बाया दोनच. मंजूर किती होत्या ते मला नंतर कळलं, पण हजर दोनच. आणि बाईचं काम बाईनंच करायचं असा कायदा आहे. बाईला पकडायचं तर बाई पोलीस लागते. झडतीला लागते. बाईला कोर्टात न्या, दवाखान्यात तपासणीला न्या, पळून गेलेली पोरगी पुण्याहून घेऊन या, प्रत्येक ठिकाणी बाईच. कायदा चांगला आहे. कायदा करणाऱ्यानं बाया मात्र दिल्या नाहीत. एक कोर्टात गेली की दुसरी बाकीच्या सगळ्याला. त्यात पुढाऱ्याची सभा, जयंती, मोर्चा, परीक्षेचं केंद्र, यात्रा. साप्ताहिक सुट्टी कागदावर असते.

ठाण्यात बायकांसाठी म्हणून एक खोली आहे, दारावर तसं रंगानं लिहिलंय. आत धरलेल्या दारूचे कॅन, चोरीच्या पाण्याच्या मोटारी, वायरची भेंडोळी आणि कुठल्यातरी भांडणातली एक बाज उभी करून ठेवलीय. कोर्टाचा निकाल लागल्याशिवाय त्यातलं काही हलवता येत नाही. म्हणून माझी लेक ठाण्याच्या मागच्या अंगणात, लिंबाखाली, जप्तीच्या एका रिक्षात बसून पाजायची. ती रिक्षा कुणाला तरी उडवून आलेली होती. पुढची काच फुटलेली, मागची सीट मात्र धड होती. मी माझी जुनी साडी दोन्ही अंगांनी बांधून आडोसा केला. आत गेलं की बाळ लगेच शांत व्हायचं. मी बाहेर चाकाजवळ टेकून बसायचे आणि भिंतीकडं तोंड करून राहायचे.

तिथं एक निवृत्तीला आलेले जमादार होते. लेक त्यांना काका म्हणायची. लघवीला म्हणून कुणी मागं यायला लागलं की ते हात आडवा धरायचे.

"तिकडं न्हाय जायचं. तिकडं तपास चालू हाय."

"कसला तपास, जमादार?"

"दुधातल्या भेसळीचा. हो मागं."

आतून लेकीचं हसू ऐकू यायचं. ते हसू ऐकलं की मला जरा बरं वाटायचं. पण पोटभर पाजणं कधी झालंच नाही. "मॅडम, साहेब बोलवतात." "मॅडम, एक बाई आलीय, रडतीय, कुणाशीच बोलंना." "मॅडम, गाडी निघाली." की लेक बाळाचं तोंड सोडवायची, बटणं लावायची, माझ्या हातात ते रडतं लेकरू द्यायची आणि चालता चालता टोपी घालायची. खाकीवर दोन ओले डाग पडायचे. मग ती आतून पंच्याची घडी ठेवायला लागली. दुधानं आणि घामानं ती घडी दुपारपर्यंत भिजून गळायची.

सकाळी ती हजेरीला निघाली की मी बाळाला कडेवर घेऊन बायपासच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला जायचे. त्या रस्त्यावर भरतीच्या अकॅडमीतल्या पोरी धावायच्या. मोटारसायकलवर बसलेला एक मास्तर शिट्टी वाजवत मागून यायचा. लेकीला बघितलं की पोरी धावता धावता ओरडायच्या, "जय हिंद, मॅडम!" एकदा पाच-सहाजणी थांबल्याच. सगळ्यांच्या तोंडाला घाम, एकीच्या बुटातून अंगठा बाहेर आलेला.

"मॅडम, भरती कधी निघणार ओ?"

"मलाच विचारता व्हय? उद्या निघू द्या गं बायांनो. माझ्या डोक्यावर पाय देऊन या."

"हिचं वय निघून चाललंय मॅडम. मागच्या टायमाला एका मार्कानं गेली."

"आणि हिला स्थळ आलंय. पोरगा म्हणतो, पोलीस झाली तरच करतो."

"आणि न्हाय झाली तर?"

"तर दुसरा बघायचा. म्हशी राखणारा."

सगळ्या हसल्या. मास्तरनं लांबून शिट्टी फुंकली तशा पुन्हा पळाल्या. मी तिथंच उभी राहिले. रस्त्यावर इतक्या पोरी आणि ठाण्यात दोन. ह्यांना आत घ्यायचं काय अवघड आहे, असं मी लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "आई, जागा रिकामी असणं वेगळं आणि जागा निघणं वेगळं." मला ते तेव्हा समजलं नाही. आता समजून काही उपयोग नाही.

मग तो विहिरीचा दिवस आला. जवळच्या एका गावात एका सुनेनं विहिरीत उडी घेतली. बाई मयत म्हटल्यावर पंचनाम्याला बाई पोलीस पाहिजे, पुढं दवाखान्यातही प्रेतासोबत ती पाहिजे. ठाण्यातली दुसरी बाई एका पोरीला घेऊन धाराशिवला कोर्टात गेली होती. लेक सकाळीच निघून गेलेली. मी दुपारी नेहमीसारखी गेले तर जमादार म्हणाले, "मावशी, ताई यायला वेळ लागंल. बसा सावलीला." बाळ रिक्षा बघूनच हात पाय हलवायला लागलं. आत नेलं, पण आत आई नव्हती. मग जे रडायला लागलं ते थांबेना. साखरपाणी दिलं, थुंकून टाकलं. जमादारांनी फोन लावला. "निघालीय म्हणते." परत लावला. "निघालीय."

ती आली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. जीपमधून उतरली आणि लांबच उभी राहिली, नळाजवळ. बाळानं तिला बघितलं आणि अंगातली होती नव्हती ती ताकद लावून माझ्या हातातून तिच्याकडं झेप घेतली. ती पुढं आली नाही.

"आई, पाणी हाय का बघ."

पाणी नव्हतं. टँकर आला नव्हता, टाकी कोरडी. आत फक्त प्यायचा एक जार होता, त्यातही तळाला.

आमच्यात अंगावर पाजणारी बाई मढ्याजवळून आली की डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय लेकराला शिवत नाही. माझ्या आईनं पाळलं, मी पाळलं. लेक शिकलेली, पोलिसातली, पण ह्या गोष्टीत ती माझ्यापेक्षा कडक.

जमादार म्हणाले, "घ्या ओ ताई. लेकराला काय कळतंय? आमी तर पोस्टमार्टमवरनं येऊन भाकरी खातो."

"न्हाय काका. माझ्या हाताला वास हाय. तिचं लुगडं म्याच बदललं." मग माझ्याकडं बघून हळू म्हणाली, "आई, तिच्याबी अंगावर पिणारं हाय. ओट्यावर कुणाच्या तरी मांडीवर होतं. सारखं रडत होतं."

मी घे म्हणाले नाही. मला घे म्हणता आलं नाही. बाळ ओरडून निळं पडलं होतं, तरी नाही.

तिनं साहेबांकडं जाऊन खोलीवर अंघोळीला जायची परवानगी मागितली. पण सुनेच्या माहेरच्यांनी सासूवर तक्रार दिली होती आणि सासूला दिवस मावळायच्या आत ताब्यात घ्यायचं होतं. मावळल्यावर बाईला पकडत नाहीत. आणि पकडायला बाई पाहिजे. बाई एकच. जीप उभीच होती. लेक आमच्याकडं न बघता जीपमध्ये बसली. मी बाळाचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं, म्हणजे रडणं तिला लांबून तरी ऐकू जाऊ नये.

दिवेलागणीनंतर ती खोलीवर आली. न्हाणीत बसून घागर अंगावर ओतली आणि ओल्या केसांनीच बाळाला घेतलं. पण दिवसभर दाटून तिची छाती दगडासारखी झाली होती. बाळाला ओढता येईना, तिला सोसवेना. दातांत पदर धरून तिनं पाजलं. सकाळी ती तापानं फणफणली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठी झाल्यात, गोळ्या घ्या, शेक द्या, आणि दूध सारखं निघालं पाहिजे, नाहीतर आटून जाईल. दोन दिवस आजारपणाची रजा मिळाली. मी बाजरीची भाकर, शेपूची भाजी, हळिवाची खीर, शतावरी, जे जे कुणी सांगितलं ते केलं. जरा उतार पडला आणि तिसऱ्या दिवशी एका मोर्चाचा बंदोबस्त लागला. बाळ नाही, सावली नाही, आडोसा नाही, दिवसभर चौकात उभं. ती परत आली ती तशीच दगड होऊन.

तेव्हा मी साहेबांच्या खोलीत गेले. कुणी पाठवलं नव्हतं. लेकीला कळलं असतं तर तिनं जाऊ दिलं नसतं. जमादारांना दाराकडं नुसती मान केली तर त्यांनी पडदा वर धरला.

साहेब वयानं माझ्यापेक्षा लहान होते. डोळे लाल, टेबलावर गोळ्यांची पाकिटं. म्हणाले, "बसा मावशी." मी बसले नाही. "बोला." मी खांद्यावरचं बाळ सावरलं. मला वाटलं, आता बाळ रडेल आणि तेच सांगेल, पण नेमकं ते झोपलं होतं. परक्या पुरुषासमोर जे बोलू नये तेच मला बोलायचं होतं. पदर तोंडाशी धरून म्हणाले, "साहेब, तिचं दूध चाललंय."

साहेबांनी मान खाली घातली. कान लाल झाले त्यांचे. मग उठून भिंतीवरच्या फळ्याजवळ गेले.

"मावशी, मलाबी लेकरं हायेत. पण तुम्हीच सांगा, मी कुणाला पाठवू? हे वाचता येतंय का तुम्हाला?"

मला वाचता येत होतं. फळ्यावर पदं लिहिली होती, पुढं नावं. कितीतरी ठिकाणी नावाच्या जागी एकच शब्द होता, रिक्त. साहेब बोट ठेवत गेले. "हे रिक्त. हे रिक्त. हा माणूस इथला, पण काम तिकडं मुख्यालयात करतो. हा मोठ्या साहेबांच्या गाडीवर. ह्याचं हार्टचं बायपास झालंय. आणि बायांचं बघा, रिक्त, रिक्त, रिक्त, मग तुमची मुलगी, मग ती दुसरी, मग परत रिक्त."

"नव्या पोरी?" मी कसंबसं विचारलं.

"निघंल भरती. मग परीक्षा, मग मैदान, मग कुणीतरी कोर्टात जाणार, मग ट्रेनिंग. तवर तुमची नात अंगणवाडीत जाईल." ते हसले, पण हसू तोंडावर राहिलं नाही. "मुलीला सांगा, बालसंगोपन रजेचा अर्ज द्या. मी शिफारस करून वर पाठवतो. एवढंच माझ्या हातात हाय."

मला त्यांचा राग करायचा होता. घरून तेवढ्यासाठीच निघाले होते. तोही करता आला नाही.

अर्ज धाराशिवला गेला. आम्ही वाट बघत राहिलो. लेक दर दुपारी जमादारांना विचारायची, "काका, टपाल?" जमादार नुसती मान हलवायचे. तिकडं रिक्षात बाळ ओढायचं, सोडून द्यायचं, आईच्या तोंडाकडं बघायचं, परत ओढायचं. आधी उजवीकडचं गेलं. मग डावीकडचंही थेंबावर आलं. लेक मला सांगायची नाही, मी विचारायची नाही. मला बाळाच्या घोटण्याच्या आवाजावरून कळायचं. आधी गटागटा आवाज यायचा. आता नुसतं चोखणं.

एका दुपारी मी सहज, रोजच्यासारखी, वाटी पुढं केली आणि तिनं तोंड उघडलं. चमचा धरला. वाटीभर गाईचं दूध डोळे माझ्यावर रोखून पिऊन टाकलं. ज्याच्यासाठी मी इतके दिवस देवाला नवस बोलत होते ते झालं, आणि मला ती वाटी भिंतीवर फेकून द्यावीशी वाटली. ती शहाणी झाली नव्हती. तिला भूक लागली होती.

लेकीला सांगितलं तर ती फक्त "बरं झालं" म्हणाली आणि अंघोळीला गेली. नेहमीपेक्षा जास्त वेळ पाणी ओतत राहिली.

त्यानंतर रजा मंजूर झाली. जमादार स्वतः खोलीवर सांगायला आले, पेढे घेऊन. मला वाटलं, दूध गेलं तर गेलं, आई तरी मिळेल लेकराला. काही दिवस बेंबळीला जाऊ, घरच्या हवेत पोरगी आणि तिचं लेकरू दोघी भरून निघतील. मी बोचकी बांधली. बाळाची दुपटी, शतावरीचा उरलेला डबा, सगळं.

संध्याकाळी लेक आली, बोचक्यांकडं बघितलं आणि बूट काढता काढता म्हणाली, "आई, रजा परत दिली."

"परत दिली म्हणजे?"

"म्हणजे आत्ता न्हाय घेतली. पुढं घेईन."

"पुढं कधी? लेकरू म्हातारं झाल्यावर?"

तिनं बूट भिंतीकडेला लावले. मग म्हणाली, "माझ्यासोबतची हाय ना, तिला सातवा लागलाय. मी रजेवर गेले तर सगळं तिच्यावर. पुढच्या आठवड्यात मोठा बंदोबस्त हाय, उभ्यानं दिवस काढायचा."

"मग काढू दे! तुझ्या वेळी कोण आलं होतं? तू न्हाय काढलेस का?" इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात कुणाशी बोलले नसेन. शेजारच्या बाईचा नळ बंद झाला.

"न्हाय काढले," लेक म्हणाली. "माझ्या वेळी तीच गेली. नवरात्रात तुळजापूरला माझं नाव लागलं होतं. तिनं साहेबांना सांगून माझ्या जागी स्वतःचं लावून घेतलं. तिची सासू सलाईनवर होती तेव्हा. मी तुला सांगितलं न्हाय, कारण तिनं मलाबी सांगितलं नव्हतं. जमादार काकांनी सांगितलं."

त्या दुसरीचा मला राग येत होता आणि राग यायला तिनं काही केलं नव्हतं. दोघींनी मिळून एक रिकामी जागा उचलून धरलीय, एकीनं सोडली की दुसरीच्या पोटावर पडते. आणि ज्यांनी ती भरायची ते कुठंतरी बसलेत, त्यांची तोंडं मी कधी बघितली नाहीत, बघणारही नाही.

"मग लेकराचं?" मी विचारलं.

"लेकराला तू हायेस की."

तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नाही, लाडानंही नाही. साहेब ड्यूटी लावतात तसं म्हटलं, समोर जो हजर आहे त्याला. माझं नाव त्यांच्या फळ्यावर नाही. मी बोचकी सोडली, दुपटी परत दोरीवर टाकली.

रात्रीचं जेवण करायच्या आधी मालकांचा फोन आला. लेकीनं फोन माझ्या कानाला लावला.

"मग कधी येतेस?" त्यांनी विचारलं. "चूल साफ करून ठेवलीय."

"भरती झाल्यावर," मी म्हणाले.

ते हसले. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय.